सीटीचा आकडा काय सांगतो?

रिअल-टाइम पीसीआरमध्ये यंत्राच्या हाती लागतो तो चक्राचा क्रमांक. जंतूच्या जनुकाचा ठरावीक तुकडा दर चक्राला, सगळे आदर्श असेल तर, दुप्पट होतो. त्याबरोबर त्या तुकड्याला जुळणाऱ्या चमकत्या खुणेचा, म्हणजे प्रोबचा, प्रकाश वाढत जातो. तो ज्या चक्राला ठरलेली पातळी ओलांडतो, ते चक्र म्हणजे सीटी. मुळात तुकडे जास्त, तर सीटी कमी. दहापट फरक म्हणजे साधारण 3.3 चक्रे.

या क्रमांकावरून संख्या काढायची, तर संख्या ठाऊक असलेले नमुने शेजारी चालवून प्रमाण-आलेख आखावा लागतो. एचआयव्हीचा व्हायरल लोड प्रति मिलिलिटर प्रतींमध्ये देता येतो, कारण प्लाझ्मा मोजून घेतलेला असतो आणि मोजमाप प्रमाणित द्रावणांशी बांधलेले असते. घशाच्या स्वॅबचे तसे नाही. काडी किती खोल गेली, तिला किती पेशी लागल्या, याची नोंदच नसते.

म्हणूनच करोनाकाळात नुसत्या सीटीवरून आजाराची तीव्रता ठरवणे चूक होते. आयसीएमआरने तसे बजावलेही होते. 2021 मध्ये 24 ही मर्यादा धरावी का, अशी विचारणा महाराष्ट्राने केली, तेव्हा 35 पर्यंतचे नमुने पॉझिटिव्हच धरा, असे उत्तर आले. ते योग्यच होते. या दोन आकड्यांत 11 चक्रांचे, म्हणजे सुमारे 2,000 पटींचे अंतर आहे. 24 वर थांबलो असतो, तर संसर्गाच्या पहिल्या दिवसांतले कितीतरी रुग्ण निगेटिव्ह ठरून घरी गेले असते.

या तंत्राचे खरे मोल क्षयरोगात कळते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला बेडक्याच्या दर मिलिलिटरमध्ये ते सुमारे 10,000 असावे लागतात. 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेल्या एक्स्पर्ट चाचणीला सव्वाशे-दीडशे पुरतात. आरपीओबी जनुकाच्या 81 अक्षरांच्या पट्ट्यातले बदल टिपून रिफाम्पिसिन या औषधाला दाद न देणारे जंतूही तीच चाचणी दोन तासांत ओळखते. जंतू वाढवून पाहणाऱ्या कल्चरला यासाठी आठवडे जातात. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज बेभरवशाची असलेल्या आरोग्य केंद्रातही ही तपासणी पोचते. माझ्या मते आपल्याकडे याहून मोठी गोष्ट दुसरी नाही.

निगेटिव्ह अहवालही पारखून घ्यावा लागतो. नमुन्यातले रक्त किंवा हेपॅरिन तुकडे दुप्पट करणाऱ्या पॉलिमरेज विकराला अडवते. म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर अंतर्गत नियंत्रण, म्हणजे हमखास उमटायला हवा असा एक ठरावीक तुकडा, चालवतात. तेही उमटले नाही, तर चाचणीच बाद. तिला निगेटिव्ह म्हणता येत नाही.

उलट बाजूची अडचण मेलेल्या जंतूंची. औषधाने जंतू मेला तरी त्याचा डीएनए कितीतरी महिने बेडक्यात सापडतो, आणि पीसीआरला जिवंत-मेल्यातला भेद कळत नाही. त्यामुळे उपचार लागू पडताहेत का, हे स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) आणि कल्चरवरूनच पाहतात. आणि पूर्वी क्षयाचे उपचार घेतलेल्या रुग्णाचा अहवाल पुसट पॉझिटिव्ह आला, तर औषधे पुन्हा सुरू करण्याआधी त्याची लक्षणे, एक्स-रे आणि कल्चर पाहिलेच पाहिजे.