गळ्यातील स्वाक्षऱ्या

संत फ्रान्सिस झेविअर ह्यांची तसबीर आमच्या बहुतेक घरांत आढळते. त्यांच्या हाती क्रूस असतो. लेखणी मात्र क्वचितच कोणी चितारली असेल. वास्तविक हा संत आपल्याला सर्वांत जवळून भेटतो तो त्यांच्या पत्रांत. ७ एप्रिल १५४१ रोजी त्यांनी लिस्बन सोडले, ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास उतरले. पुढील साडेदहा वर्षे युरोपातील सोबत्यांशी त्यांचा संबंध उरला तो केवळ कागदाचा. पत्राचे उत्तर यावयास दोन वर्षे तरी लागत. जहाज बुडाले तर पत्रही बुडे, म्हणून एकाच पत्राच्या अनेक प्रती निरनिराळ्या जहाजांनी धाडीत. शुर्हामर व विकी ह्या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९४४-४५ साली संपादिलेल्या संग्रहात १३७ पत्रे व लेख आहेत. त्यांतील पुष्कळसे नकलांच्या रूपानेच उरले आहेत; संताचे स्वतःचे हस्ताक्षर दुर्मीळच.

पत्रलेखन ही कला आहे, हे संत इग्नेशिअस लोयोला पुरते ओळखून होते. डिसेंबर १५४२ मध्ये पीटर फाबर ह्यांना त्यांनी बजावले, की मुख्य पत्र कोणालाही दाखविता येईल असे असावे. ते एकदा लिहावे, तपासावे, मग पुन्हा लिहून काढावे. मनातील इतर गोष्टी वेगळ्या चिठोऱ्यांवर लिहाव्यात. सूचना शहाणपणाची खरीच. पण आमचे मन ओढ घेते ते त्या चिठोऱ्यांकडे!

झेविअर ह्यांची मुख्य पत्रेही अशी, की त्यांत चिठोऱ्यांतला जिव्हाळा उतरतो. जानेवारी १५४९ मध्ये कोचीनहून इग्नेशिअसना लिहिताना ते कळवितात, की तुम्ही समोर असल्याप्रमाणे आम्ही गुडघे टेकून हे लिहीत आहोत. त्याआधी, मे १५४६ मध्ये, मोलुक्का बेटांतील अंबोइनाहून लिहिलेल्या पत्रात एक विलक्षण गोष्ट आहे. सोबत्यांच्या पत्रांतून त्यांनी स्वहस्ते लिहिलेली नावे झेविअर ह्यांनी कापून घेतली होती आणि आपल्या व्रताच्या लेखासह ती ते सदैव जवळ बाळगीत. त्या पत्रांतील मजकूर त्यांना ठाऊकच होता. हवा होता तो हात. नक्कल करणारा मजकूर उतरवू शकतो; ज्या हाताने शाई ओढली, त्या हाताचा कंप त्याला कोठून आणता येणार?

हाच संत १५४४ व १५४८ साली वसईस येऊन गेला. आमच्या भूमीवर पाऊल टाकतानाही, १५४८ साली, त्या चिठ्ठ्या बहुधा त्यांच्याजवळ असाव्यात, असे मानावयास आम्हांस आवडते.

२८ जून १५५३ रोजी इग्नेशिअसनी रोमहून झेविअर ह्यांना युरोपात परत बोलाविणारे पत्र लिहिले. झेविअर ३ डिसेंबर १५५२ रोजीच चीनच्या किनाऱ्यालगतच्या सांचिअन बेटावर निवर्तले होते. पत्रावरील शाई वाळत होती, तेव्हा त्यांचा देह मलाक्क्याच्या चर्चमध्ये मातीखाली होता.