भेटीचे घड्याळ : ठेवावे की विकावे?

लग्नात जावयाला मनगटी घड्याळ देण्याची चाल सातारा-सांगलीकडे दीर्घकाळ होती. निवृत्त होणाऱ्या शिक्षकालाही शाल-श्रीफळासोबत घड्याळ मिळे. आज अशी घड्याळे कपाटात बंद पडून असतात, देणारा बहुधा हयात नसतो, आणि पैशांची निकड भासली की त्या डबीकडे लक्ष जाते.

हे घड्याळ पुष्कळदा एचएमटीचे निघते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरच्या या सरकारी कारखान्यात घड्याळे तयार होऊ लागली. 'जनता' हे चावीचे, तर 'कांचन' हे स्वयंचलित. लग्नात मागणी असे ती 'कांचन'ला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हा उद्योग बंद करण्यास मंजुरी दिली आणि संग्राहकांचे लक्ष या घड्याळांकडे अधिकच वळले. तरीही साध्या घड्याळाचे हाती येणारे पैसे मालकाची निराशाच करतात. केसचा पिवळेपणा बहुधा मुलाम्याचा असतो.

सोन्याची केस असेल तर गोष्ट वेगळी. विटा-खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक देशभर सोने शुद्ध करण्याचे काम करतात, त्यांच्याकडे कस कळतो. मात्र केस वितळवली की धातूचे वजन तेवढे उरते आणि जुन्या स्विस यंत्राचे मोल बुडते. म्हणून आधी जाणत्या घड्याळजीकडून झाकण उघडवून यंत्र पाहावे.

विक्रीपूर्वी घड्याळ 'नवे' करण्याचा मोह टाळावा. जुन्या तबकड्या रंगवून विकण्याचा धंदा इतका बोकाळला, की परदेशी संग्राहक अशा मालाला उपहासाने 'मुंबई स्पेशल' म्हणतात. फिकट झालेली मूळ तबकडी रंगवलेलीपेक्षा मोलाची. झाकणावर कोरलेल्या नावाने भाव वाढतो, हाही गैरसमजच. गांधीजींनी आभाबेन गांधी यांना दिलेले झेनिथ घड्याळ मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांच्या चष्मा, चपला आदी वस्तूंसह १८ लाख डॉलरला गेले. पण ते नाव गांधीजींचे होते.

मालकीचा प्रश्न सरळ आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार जंगम वस्तूचे दान ती स्वाधीन केल्याने पूर्ण होऊ शकते. सासऱ्यांनी दिलेले घड्याळ जावयाचेच. वडिलांच्या पश्चात मात्र, मृत्युपत्र नसल्यास, भावाबहिणींची संमती घेतल्याशिवाय ते विकू नये. पुढचे तंटे रकमेपेक्षा महाग पडतात.

भेट विकणे म्हणजे देणाऱ्याचा अवमान, असे अनेकांना वाटते. या भागाला तरी ते शोभत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने विकले. मंगळसूत्रही त्याच कामी आले. मुलाची फी किंवा दवाखान्याचा खर्च अडला असेल, तर घड्याळ विकताना संकोच नको. निव्वळ अडगळ म्हणून मात्र चारदोनशे रुपयांना देऊन टाकू नये. तेवढ्या रकमेने काहीच साधत नाही आणि वस्तू पुन्हा मिळत नाही.

ठेवायचे ठरल्यास बॅटरीच्या घड्याळातील संपलेला सेल आधी काढावा, गळतीने यंत्र खराब होते. चावीच्या घड्याळातील वंगण सुकते. वर्षानुवर्षे बंद असलेले घड्याळ साफसफाई केल्याविना चालवू नये. पॉलिश करायला दिले, तर झाकणावरील अक्षरे घासू नयेत, असे घड्याळजीला बजावून सांगावे.