पाणी कुठून आले, कुठे गेले

प्राचीन नगरांची ओळख आपल्याला बहुधा मुद्रा, मूर्ती आणि तटबंदी यांतून होते. त्या नगरांत राहणाऱ्यांना मात्र रोज आधी पाण्याची सोय पाहावी लागे. ती त्यांनी कशी केली, याचा शोध घेणारी ही अभ्यासशाखा मराठी वाचकांनी आपलीशी करावी, एवढ्यासाठी हे चार शब्द.

वाचकांनी प्रारंभ धोलावीरापासून करावा. कच्छच्या मोठ्या रणातील खदीर बेटावरचे हे हडप्पाकालीन नगर. तिथे १९९०पासून आर. एस. बिश्त यांच्या मार्गदर्शनाखाली मोठे उत्खनन झाले. भोवती खारे रण, पाऊस तुटपुंजा, बारमाही नदी नाही. नगराच्या दोन अंगांनी मनसर आणि मनहर हे ओढे वाहतात, तेही पावसाळ्यापुरते. नगर रचणाऱ्यांनी या ओढ्यांना बांध घालून पाणी वळवले आणि तटाच्या आत तलावांची रांगच उभी केली. पूर्वेकडचा तलाव सुमारे ७३ मीटर लांब आणि २९ मीटर रुंद आहे. त्याचा खालचा भाग थेट कातळात खोदलेला आहे. बालेकिल्ल्यावर पडणारे पावसाचे पाणीही दगडी नाल्यांतून साठवणीकडे नेलेले होते, आणि सांडपाण्याची वाट त्याहून निराळी होती. हा निराळेपणा मला तलावांच्या भव्यतेहूनही मोठा वाटतो. साठवलेले पाणी स्वच्छ राहावे, ही काळजी त्यात दिसते.

मोहेंजोदडोत परिस्थिती वेगळी, म्हणून उपायही वेगळा. सिंधूच्या गाळाच्या मैदानात पाणी जमिनीखालीच होते. पाचरीच्या आकाराच्या विटा गोलाकार रचून तिथे विहिरी बांधल्या गेल्या. मिखाएल यान्सेन यांच्या अंदाजाने त्या सातशेच्या आसपास असाव्यात.

हा विषय महाराष्ट्रापासून दूरचा नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन पाटाचे आणि बांधाचे अवशेष मिळाले. नगर नव्हे, शेतकऱ्यांचे गाव. तरीही पाणी वळवण्यासाठी सामूहिक श्रम तिथे झाले होते.

अभ्यासाला लागताना आधी जमिनीचा उतार पाहा, मग बांधकाम. गाळ कुठे साचत असेल आणि तो कोण उपसत असेल, हेही स्वतःला विचारा. तज्ज्ञांचे मतभेद आढळले तर बिचकू नका. लोथलची विटांची विशाल वास्तू एस. आर. राव यांच्या मते गोदी होती, काहींच्या मते तलाव. दोन्ही बाजू वाचा आणि पाणी आत येण्या-जाण्याचे मार्ग नकाशावर स्वतः तपासा.

आणि मुंबईजवळच्या कान्हेरीला जाल, तेव्हा लेण्यांतील शिल्पे पाहून झाल्यावर थोडा वेळ राखून ठेवा. कातळात कोरलेल्या पन्हळींच्या मागाने टाक्यांपर्यंत चालत जा.