त्या बारा जणींचा गुन्हा काय?

आज ओडिसी. पण ओडिसियस जरा बाजूला, आणि पेनेलोपीसुद्धा. मला बोलायचंय त्यांच्या वाड्यातल्या बारा दासींबद्दल.

सर्ग २२. वीस वर्षांनी घरी आलेला ओडिसियस, आपल्या बायकोशी लग्न करायला टपून बसलेल्या सगळ्यांना मारून टाकतो. मग म्हातारी दाई युरिक्लीया हिशेब देते: घरात दासी ५०, त्यातल्या १२ बेइमान. या बारा जणींना आधी प्रेतं उचलायला लावतात. रक्ताने माखलेली टेबलं-खुर्च्या धुवून घेतात. मग अंगणात नेतात. बापाने सांगितलेलं, तलवारीने मारा. पोरगा टेलेमॅकस म्हणतो, नाही, इतकं स्वच्छ मरण यांना द्यायचं नाही. दोर बांधून सगळ्यांना एका रांगेत फाशी.

आता हे बघा. त्याच सर्गात, जेमतेम ४०० ओळी आधी, ओडिसियस त्या पुरुषांना तोंडावर सुनावतो की तुम्ही माझ्या दासींवर जबरदस्ती केलीत. म्हणजे त्याला माहीत होतं! पण आदल्या रात्री त्या हसत बाहेर जाताना दिसल्या, हे त्याच्या डोक्यात बसलेलं. गुलाम बाईला 'नाही' म्हणायची सोय तरी होती का, हे कुणी विचारतच नाही.

मार्गारेट ॲटवूडने २००५ मध्ये 'द पेनेलोपियाड'मध्ये या बारा जणींना कोरस म्हणून उभं केलं. त्या गातात, टोमणे मारतात, ओडिसियसवर खटला चालवतात. तिच्या गोष्टीत त्या पुरुषांत मिसळून बातम्या काढायला पेनेलोपीनेच त्यांना सांगितलेलं असतं, आणि हे दाईला माहीतच नसतं. मला हा बदल जबरदस्त वाटतो, कारण मालकीणही सुटत नाही.

मग २०१७ मध्ये एमिली विल्सनचा इंग्रजी अनुवाद आला. तिने दासींना सरळ 'गुलाम' म्हटलं. आधीच्या काही अनुवादांत टेलेमॅकस या बायकांना वेश्या वगैरे शिव्या देतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे फक्त स्त्रीलिंगी सर्वनाम आहे, 'ज्या'. दोन व्हर्जनचा डिफ काढावा तसं हे शेजारी ठेवून वाचा, शिव्या कुणी घातल्या ते लगेच दिसतं.

आणि हे सगळं आजचं फॅड आहे म्हणणाऱ्यांसाठी: युरिपिडीसने 'ट्रोजन विमेन' इसवी सनपूर्व ४१५ मध्ये रंगमंचावर आणलं. हरलेल्या शहरातल्या बायका, कोण कुणाच्या वाट्याला जाणार याची वाट बघत बसलेल्या.

पुढच्या भागात ब्रिसेइस. अकिलीस आणि ॲगमेम्नॉन जिच्यावरून भांडले, ती.