घंगाळातले दोन भुंगेरे

गुडघाभर पाण्यात उभे आहात तुम्ही. साल १७६१, पॅरिसच्या वेशीबाहेरचं एक डबकं. पायांखाली गाळ, नाकात शेवाळाचा वास. काठावर एत्येन लुई जोफ्रुआ थांबलेत, पस्तिशीचे, पेशाने डॉक्टर. पॅरिसच्या आसपासच्या कीटकांवरचं त्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी निघायचंय. तुम्ही जाळं उपसता आणि तांब्याच्या घंगाळात दोन काळे भुंगेरे टपटप पडतात, एक थोरला, एक धाकटा.

सजीवांची वर्गवारी लावणाऱ्या लिनियसने तीनच वर्षांपूर्वी या दोघांना एकाच घरात घातलंय, डायटिस्कस या नावाखाली. तुमचा डोळाही तेच म्हणतो. पाठ तशीच गुळगुळीत, मागच्या पायांना तशीच केसांची झालर. पण पाण्यात राहायचं तर अंग असंच घडावं लागतं. एवढ्यावरून भाऊबंदकी ठरवायची घाई करू नका.

जोफ्रुआ आधी पायांची पेरं मोजतात. भुंगेऱ्यांची मांडणी पेरांच्या संख्येवर करायची ही त्यांची पद्धत पुढे कित्येक दशकं चालणार आहे. धाकट्याच्या पुढच्या पायाची पहिली तीन पेरं पसरून गोल वाटी झालीय, म्हणजे हा नर. तरी मोजली तर पाचच भरतात. थोरल्याचीही पाचच. पेरं जुळली, पण जोफ्रुआ थांबत नाहीत. भिंग मिशांकडे वळतं.

धाकटा तीनेक सेंटिमीटरचा, कडेने पिवळी किनार. त्याच्या मिशा लांब, दोऱ्यासारख्या बारीक. थोरला चार सेंटिमीटरच्या वर, डांबरासारखा काळा. त्यालाही दोन बारीक मिशा दिसतात ना? इथेच भलेभले फसतात. त्या मिशा नव्हेत, तोंडाजवळचे चाचपायचे अवयव आहेत. खऱ्या मिशा डोक्याखाली दुमडलेल्या असतात. टाचणीच्या टोकाने हळूच बाहेर ओढा. आखूड, आणि टोकाला एकाला एक लागून रचलेल्या चकत्यांची गदा! या गदेच्या जोरावर जोफ्रुआ थोरल्याला वेगळं घर देणार आहेत: हायड्रोफिलस, म्हणजे जलप्रेमी.

आता त्याला उताणा करा, बोट जपून. छातीवरून एक उंच कणा मागे जातो आणि अणकुचीदार काट्यात संपतो. धाकट्याकडे असा काटा नाही. त्याच्या मागच्या पायांची मुळं रुंद होऊन अंगातच पक्की बसलीत आणि त्यांनी पोटाची पहिली पट्टी मधोमध दुभागलीय. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून या खुणेचं मोल तुम्हाला ठाऊक आहे. दगडांखाली, पाचोळ्यात धावणाऱ्या शिकारी भुंगेऱ्यांच्या पोटावरही नेमकी हीच खूण असते. धाकट्याचं जवळचं गोत कोरड्या जमिनीवर आहे. शेजारी पोहणारा हा थोरला त्याचा लांबचा. मला तर हे दर वेळी नव्याने विलक्षण वाटतं. पावसाळ्यात आपल्या ओसरीतल्या दिव्यावर जे दांडगे काळे पाणभुंगेरे येऊन आपटतात, त्यांतही या दोन्ही घराण्यांचे असतात. एकदा उताणं करून बघाच.

ऊन उतरलंय. जोफ्रुआ वही मिटतात, तुम्ही घंगाळ डबक्यात कलंडता. धाकटा दोन्ही मागचे पाय एकदम मारत सूं करून निघतो. थोरला एकाआड एक पाय टाकतो, पाण्यात चालत असल्यासारखा. मग दोघेही शेवाळात दिसेनासे होतात.

तुम्ही काठावर बसून राहता. थोड्या वेळाने पाण्याला एक खळी पडते. शेपटीचं टोक वर, डोकं खाली: पंखांच्या कवचाखाली हवा भरून घेतोय. धाकटा. हातभर अंतरावर दुसरा वर येतो, डोक्याकडून, अंग जरासं कलतं करून. दुमडलेली मिशी पाण्याचा पापुद्रा फोडते, हवा पोटाखालच्या लवेत उतरते आणि सगळं पोट चांदीसारखं उजळतं. भिंग तर केव्हाच जोफ्रुआंच्या खिशात गेलंय.