परवलीचा शब्द आणि घरचें कुलूप

एकाच छपराखालीं दोन संगणक असावेत, दोहोंस जोडणारें जाळें असावें, आणि तरीही एकावरील छायाचित्रें दुसऱ्यावर उघडूं नयेत, हा अनुभव आज पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांस येतो. पडद्यावर दोनच शब्द उमटतात : 'प्रवेश नाकारला'. घरच्या माणसास त्याच्याच घरांत अडविणारें हें यंत्र उद्धट आहे, असें कोणासही वाटेल. परंतु या उद्धटपणाला साठांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसेल तर कुलूप उघडण्याची खटपट बहुधा आंधळीच ठरते.

आरंभींच्या यंत्रांवर एका वेळीं एकाच माणसाचें काम चाले; तेव्हां आपपरभावाचा प्रश्नच नव्हता. १९६१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं एकाच यंत्रावर अनेकांस एकदम काम करतां येईल अशी 'सीटीएसएस' नांवाची व्यवस्था चालवून दाखविली. यंत्र एक आणि माणसें अनेक. मग ज्याचे कागद त्याच्याचपाशीं राहावेत कसे? यासाठीं परवलीचा शब्द आला. तो आला आणि लवकरच फुटलाही ! १९६२ सालीं ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्यानें यंत्रावर अधिक वेळ मिळावा म्हणून सर्वांच्या परवलीच्या शब्दांची फाइलच छापून घेतली. ही हकीकत पुढें त्यानेंच सांगितली. नंतर एकदां दोन व्यवस्थापक एकाच वेळीं दोन फाइली दुरुस्त करीत असतां त्यांच्या तात्पुरत्या प्रतींची अदलाबदल झाली, आणि यंत्रांत शिरणाऱ्या प्रत्येकास दिवसाच्या सूचनेऐवजीं तीच गुप्त यादी वाचावयास मिळाली.

१९६५ सालीं 'मल्टिक्स' या पुढील व्यवस्थेचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यांत प्रत्येक फाइलीस तिची स्वतंत्र यादी जोडण्याची योजना होती : अमक्यानें वाचावें, तमक्यानें लिहावें, इतरांनीं फिरकूं नये. मल्टिक्सवर काम केलेल्या मंडळींनींच पुढें 'युनिक्स' घडविलें आणि यादी आटोपशीर करून मालक, गट व इतर असे तीनच वर्ग ठेवले. हीं सारीं कुलुपें प्रयोगशाळांचीं व कचेऱ्यांचीं होतीं.

गृहस्थाच्या यंत्रास ही शिस्त ठाऊक नव्हती. १९९५ च्या 'विंडोज ९५' मध्यें जाळ्यावर ठेवलेल्या फोल्डरला एक परवलीचा शब्द लावीत. जो तो सांगेल तो आंत. येणारा कोण, हें विचारण्याचें कारणच नव्हतें. २००० सालीं उघडकीस आलें कीं, या पद्धतींत शब्दाचीं किती अक्षरें ताडून पाहावयाचीं हें येणाऱ्यानेंच ठरवावें अशी सोय राहून गेली होती. 'एकच अक्षर ताडा' असें सांगितलें कीं यंत्र एका अक्षरावर समाधान मानी. दरवानानें पाहुण्यासच 'आपली झडती कितीशी घेऊं ?' असें विचारावें, तशांतला हा प्रकार.

इकडे १९९३ च्या 'विंडोज एनटी' नें मल्टिक्सच्या धर्तीची यादी कचेऱ्यांत आणली होती. २००१ सालीं 'विंडोज एक्सपी' बरोबर तेंच कुलूप घरांत आलें. मात्र घरच्या मंडळींस तें झेपणार नाहीं, या समजुतीनें तिच्या 'होम' आवृत्तींत जाळ्यावरून येणाऱ्या प्रत्येकास 'पाहुणा' मानण्यांत आलें. मुलगा, सून, शेजारी, सारेच पाहुणे ! २००९ सालीं 'विंडोज ७' नें साऱ्या घरासाठीं एकच परवलीचा शब्द देणारा 'होमग्रुप' काढला. तोही २०१८ सालीं 'विंडोज १०' मधून काढून टाकला गेला.

मधल्या काळांत मोठा आघात झाला. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रोग्यांच्या ठरलेल्या वेळा रद्द कराव्या लागल्या. दोष परवानगीचा नव्हता. यंत्रें एकमेकांपाशीं फाइली मागतांना जी 'एसएमबी' नांवाची बोली बोलतात, तिच्या जुन्या आवृत्तीचा होता. त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येंच निघाली होती, पण ती पुष्कळांनीं बसविलीच नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्यानें बसविलेल्या विंडोजमध्यें ती जुनी बोली सहसा घातली जात नाहीं, आणि २०२४ च्या 'विंडोज ११ प्रो' आवृत्तीनें तर पाहुण्यास थाराच देणें बंद केलें. काल उघडणारी घरची जुनी जाळे-तबकडी आज उघडत नाहीं, याचें कारण बहुधा येथें सांपडतें.

आतां घरच्या कुलुपाकडे पाहतां दारें दोन आहेत, हें प्रथम ध्यानांत येतें. एक परवानगी जाळ्यावरील फोल्डरची, दुसरी तबकडीवरील फाइलीची. दोहोंपैकीं जी अधिक कडक, तीच चालते. लोक पहिलें दार सताड उघडतात आणि दुसऱ्यास विसरतात. यजमान संगणकावर प्रत्येकाचें स्वतंत्र खातें असावें, त्यास परवलीचा शब्द असावा, आणि दोन्ही दारांवर त्या खात्याचें नांव असावें. आपल्या यंत्रापुढें बसून टाइप करावयाचा चार आंकडी पिन जाळ्यावर चालत नाहीं. तेथें खात्याचाच परवलीचा शब्द लागतो. आणखी एक खोड अशी कीं, त्याच तबकडीवर एका फोल्डरमधून दुसऱ्यांत हलविलेली फाइल आपली जुनी परवानगी सोबत नेते; नक्कल केलेली मात्र नव्या घरची रीत उचलते.

सर्वांत जिव्हारीं लागणारा प्रसंग निराळाच असतो. संगणक बिघडतो, विंडोज नव्यानें बसवितात, खात्यास तेंच नांव देतात आणि जुनी तबकडी जोडतात. वडिलांचीं पत्रें, लग्नाचीं छायाचित्रें समोर दिसतात, पण उघडत नाहींत. यंत्र नांव पाहत नाहीं. खातें निर्माण होतांना मिळालेला एक लांबलचक क्रमांक पाहतें, आणि नव्या खात्याचा क्रमांक नवा असतो. अशा वेळीं व्यवस्थापकाच्या अधिकारानें फाइलींची मालकी आपल्याकडे घ्यावी आणि मग परवानगी द्यावी. फाइली पुष्कळ असल्यास यास बराच वेळ लागतो. परंतु त्या विंडोजच्याच साधनानें कूटबद्ध केलेल्या असतील तर मालकी घेऊनही उपयोग नाहीं. त्यांची किल्ली जुन्या खात्याबरोबर जाते, आणि तिची प्रत आधींच अन्यत्र काढून ठेवली असेल तरच तीं पत्रें पुन्हां वाचतां येतात.