दहा दिवसांची शिदोरी: घोडपदेव ते कोकण, 1897 आणि 2020

आजचा एपिसोड डब्याबद्दल आहे. ऑफिसचा डबा नव्हे, गावाला निघताना सोबत बांधून घेतात तो. आणि त्या डब्याच्या आडून एका कायद्याबद्दल.

आधी 2020 मध्ये जाऊ. त्या वर्षी गणेश चतुर्थी होती 22 ऑगस्टला. लॉकडाऊनला पाच महिने होत आले होते आणि गिरणगावातल्या प्रत्येक चाळीत एकच प्रश्न होता: यंदा गावाला जायला मिळणार की नाही? ऑगस्टच्या सुरुवातीला राज्य सरकारने नियम जाहीर केले. कोकणात जाणाऱ्यांसाठी एसटी सुटणार, एका गाडीत फक्त 22 माणसं. एसटीने गेलात तर ई-पास नको, खासगी गाडीने गेलात तर हवा. गावात पोचल्यावर 10 दिवस विलगीकरण. आधी हीच मुदत 14 दिवसांची होती, ती कमी केली. म्हणून 12 ऑगस्टच्या आत पोचा, म्हणजे दहा दिवस भरतात आणि गणपतीला तुम्ही मोकळे. त्यानंतर निघालात तर आधी कोरोनाची चाचणी करून घ्या. आणि या सगळ्यात एक छोटी सूचना होती: गाडी वाटेत जेवणासाठी थांबणार नाही, जेवण घरूनच घेऊन या.

बातम्यांमध्ये ही सूचना शेवटच्या ओळीत असायची. घोडपदेवला मात्र तिच्यावर जास्त चर्चा झाली. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: भायखळा आणि रे रोड स्टेशनांच्या मधला हा पट्टा. एका बाजूला बंदराची गोदामं, दुसऱ्या बाजूला एकेकाळच्या गिरण्या आणि मध्ये चाळी. इथल्या कितीतरी घरांचा दुसरा पत्ता रत्नागिरी नाहीतर सिंधुदुर्गातला असतो. चाकरमानी हा शब्द इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

आता नेहमीच्या वर्षी चाकरमान्याची पिशवी कशी असते? जाताना हलकी. गणपतीचं सामान, रवा-साखर, मुलांसाठी फरसाण आणि वेफर्स. येताना जड. गावचे तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, नाचणी, सुकट, जमलं तर फणसाची साटं. म्हणजे शहरातून गावाला पैसा जातो आणि गावातून शहरात अन्न येतं. गेली शंभर-सव्वाशे वर्षं हा हिशेब असाच चालू आहे.

2020 ला तो उलटा झाला. लोक मुंबईहून गावाला तांदूळ नेत होते! शेतं असलेल्या गावाला! कारण साधं होतं. दहा दिवस तुम्ही घराबाहेर पडू शकत नाही, दुकानात जाऊ शकत नाही, शेजारच्या वहिनीकडे वाटीभर साखर मागायलाही जाऊ शकत नाही. घर वर्षभर बंद, डबे रिकामे. चौघांचं कुटुंब, दोन वेळचं जेवण, दहा दिवस, म्हणजे झाली ऐंशी ताटं. तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, तेल, मसाला, दुधाची पावडर, सगळं गाडीत. आणि वर प्रवासाचा डबा वेगळा.

तो डबाही विचार करून बांधलेला. पनवेल, पेण, माणगाव, महाड, पोलादपूर, मग कशेडी घाट. तिथे रायगड जिल्हा संपतो आणि रत्नागिरी सुरू होतो. तिथे नाका. तपमान बघायचं, नाव-गाव लिहायचं, पास दाखवायचा, आणि त्याआधी गाड्यांची लांबलचक रांग. सिंधुदुर्गात जाणाऱ्यांना पुढे खारेपाटणला पुन्हा तेच. किती तास लागतील कोणी सांगू शकत नव्हतं. म्हणून आमटी-भात बाद, खोबरं घातलेली भाजी बाद, दुपारपर्यंत आंबेल असं काहीही बाद. चपाती, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, लाडू. काही घरांमध्ये आज्यांनी दशम्या करून दिल्या. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात. ती मऊ राहते, आणि जुन्या सोवळ्याओवळ्याच्या हिशेबात प्रवासातही चालायची. दोन पिढ्या कोणी न केलेला पदार्थ एका महामारीने परत आणला.

इथपर्यंत गोष्ट कालपरवाची. आता मागे जाऊ.

सप्टेंबर 1896. मांडवी बंदराच्या भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांना काही रुग्ण तपासताना गाठीचा ताप दिसला आणि त्यांनी सांगून टाकलं की हा ब्युबॉनिक प्लेग आहे. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तेव्हा मुंबईची लोकसंख्या होती साधारण सव्वाआठ लाख, 1891 च्या खानेसुमारीप्रमाणे. 1897 च्या सुरुवातीपर्यंत त्यातलं जवळजवळ निम्मं शहर निघून गेलं होतं. रेल्वेने, बोटीने, बैलगाडीने, पायी. गिरण्यांना माणसं मिळेनात. मालक नाक्यानाक्यावर उभे राहून रोजच्या रोज मजुरी द्यायला तयार झाले, तरी लोक थांबत नव्हते.

का गेले? शाळेच्या पुस्तकात उत्तर असतं ‘भीतीने’. ती होतीच. रोगाची होती आणि इस्पितळाची त्याहून मोठी होती. ऑक्टोबर 1896 मध्ये जवळपास हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला, तेच आजचं कस्तुरबा. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची खात्री झाली होती.

पण मला अजून एक कारण दिसतं, आणि ते चुलीचं आहे. गिरणी कामगारांमध्ये एकटे पुरुष खूप. बायको-मुलं गावाला, इथे एका खोलीत दहा-पंधरा जण, गावकीच्या गाळ्यात. पाळीपाळीने झोपायचं आणि जेवायचं खानावळीत. म्हणजे या माणसाला मुंबईत चूलच नाही. खानावळ चालवणारी बाई गावाला गेली की तो उपाशी. गिरणी बंद पडली, पगार थांबला, उधारी बंद झाली की तो उपाशी. अशा माणसाला ‘घरात बसून राहा’ हे सांगणं म्हणजे काय सांगणं झालं? 2020 च्या एप्रिलमध्ये हॉटेलं, टपऱ्या आणि खानावळी बंद झाल्यावर शहरातल्या एकट्या मजुरांचं नेमकं हेच झालं.

आणि 1897 मध्ये गावीही काही भरलेली कणगी वाट बघत नव्हती. 1896-97 दुष्काळाचं वर्ष होतं. मुंबई इलाख्यातल्या बऱ्याच भागात धान्य महाग, कामं नाहीत. म्हणजे माणूस प्लेगमधून निघाला आणि महागाईत शिरला. मध्ये होते नाके.

हे नाके कसे आले? 4 फेब्रुवारी 1897 ला सरकारने साथरोग कायदा केला. जेमतेम चार कलमांचा. अजून वाचला नसेल तर मोबाईलवर जरूर वाचा, चहा थंड व्हायच्या आत संपतो. त्यात काय होतं? रेल्वेने किंवा कशानेही प्रवास करणाऱ्या माणसांची तपासणी करता येईल. संशयिताला इस्पितळात किंवा तात्पुरत्या जागेत वेगळं ठेवता येईल. नियम मोडला तर शिक्षा. कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्या माणसावर दावा लावता येणार नाही. आणि एक वाक्य असं की, या सगळ्याचा खर्च कोणी आणि कसा सोसायचा हे सरकार ठरवेल.

बस. ज्याला अडवलं त्याला जेवायला कोणी घालायचं, याबद्दल एक शब्द नाही.

मुंबईहून जाणाऱ्या गाड्यांसाठी मोठा तपासणी नाका कल्याणला होता. गाडी थांबवायची, माणसं उतरवायची, रांगा लावायच्या, डॉक्टरने बघायचं. ताप आहे का, काखेत किंवा जांघेत गाठ आहे का. बायकांची तपासणी हा तर संतापाचा विषय झाला. संशय आला की माणूस छावणीत. कोकणात जायला तेव्हा रेल्वे नव्हती, आगबोटी होत्या. त्यांच्या उतारूंवरही नजर होती.

छावणीत अन्नाचा प्रश्न आला की जात आलीच. स्वयंपाक कोणी केला? पाणी कोणी भरलं? बाजूच्या पंगतीत कोण? कित्येकांना रोगापेक्षा परक्या हातच्या जेवणाची धास्ती. त्यावर तोडगा निघाला तो असा की मुंबईत वेगवेगळ्या जाती-धर्मांनी स्वतःची प्लेग इस्पितळं काढली आणि सरकारने त्यांना परवानगी दिली. वाचायला बरं वाटतं, आपापल्या लोकांची सोय आपण केली. पण ज्या जातींकडे पैसेवाले शेठजी नव्हते त्यांचं काय? ते सरकारी छावणीत, आणि डबा आला तर घरून.

आता मांडवीच्या वखारी आठवा. नाक्यावर माणसाची काख तपासली जात होती, पण प्लेग फिरत होता उंदरांवरच्या पिसवांतून. उंदीर राहतात धान्यात. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने हे कराचीत मांडलं, तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही. 1905 नंतर परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिनमध्ये, संशोधकांनी ते सिद्ध केलं. म्हणजे तोपर्यंत काय चाललं होतं? माणूस रांगेत उभा आणि धान्याची पोती पुढे रवाना. ती थांबवणंही सोपं नव्हतं म्हणा, दुष्काळ होता. थोडक्यात, नाका तेच तपासतो जे त्याला दिसतं.

हाफकिनचं नाव निघालंच आहे तर सांगतो. त्यांनी प्लेगची लस 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली, आणि मग तिची चाचणी झाली भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर. घोडपदेवहून चालत जाता येईल एवढ्यावर. जगाच्या इतिहासातल्या गोष्टी आपल्या गल्लीच्या मागे घडून जातात आणि आपण तिथून रोज बस पकडतो.

जगाचंच निघालं तर अजून एक. मुंबईतल्या प्लेगमुळे युरोप एवढा घाबरला की 1897 मध्येच व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. क्वारंटाइन हा शब्द मूळचा तिथलाच, जहाजांना चाळीस दिवस थांबवायचे त्यावरून आलेला. आणि त्या परिषदेने प्लेगसाठी मुदत धरली दहा दिवसांची. रोग वेगळा, शतक वेगळं, पण कोकणात जाणाऱ्याच्या वाट्याला पुन्हा दहाच दिवस आले. हा योगायोग आहे, त्यात फार अर्थ शोधू नका.

पुढची गोष्ट मात्र योगायोग नाही. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने कोरोनासाठी जो कायदा लागू केला तो हाच, 1897 चा. मध्ये स्वातंत्र्य आलं, संयुक्त महाराष्ट्र झाला, गिरण्या गेल्या, टॉवर आले, कोकण रेल्वे आली. कायदा तोच. त्यामुळे त्यात जी जागा रिकामी होती तीही तशीच राहिली.

ती रिकामी जागा 2020 मध्ये कोणी भरली? नीट आठवून बघा. कोकणातल्या गावांमध्ये शाळा रिकाम्या करून त्यात मुंबईकरांना ठेवलं होतं. ज्यांच्या गावच्या घरात वेगळी खोली होती ते घरी राहिले, ज्यांच्या नव्हती ते शाळेत. जेवण बहुतेक ठिकाणी नातेवाईकच पोचवायचे. डबा फाटकाशी ठेवायचा, मागे सरायचं, हाक मारायची. कुणाची भावजय, कुणाची सत्तरीतली आई दोन वेळा चालत यायची. सरकारी आकड्यांत ‘विलगीकरणात अमुक इतके लोक’ अशी नोंद झाली. त्यांच्यासाठी रांधणाऱ्या बायकांची झाली नाही. आणि ज्याचं गावात कोणी उरलं नव्हतं, किंवा भावाशी वाटणीवरून अबोला होता, त्याचे ते दहा दिवस कसे गेले असतील?

मी नाक्यांच्या विरोधात नाही. साथीत माणसांना थांबवावं लागतं, आणि गावाकडच्या म्हाताऱ्यांना जपायला ते गरजेचंही होतं. पण थांबवणं आणि सांभाळणं ही दोन कामं आहेत. पहिल्यासाठी आपल्याकडे सव्वाशे वर्षांपासून कायदा आहे. दुसरं आपण प्रत्येक वेळी घरातल्या बाईवर आणि तिच्या पिठाच्या डब्यावर सोडलं. माझं म्हणणं एवढंच की पुढच्या वेळी नाका उभा करताना शेजारी चूलही मांडा, आणि तिचा खर्च कोणाचा हे आधीच लिहून ठेवा.

31 ऑगस्ट 2020 ला सरकारने ई-पास रद्द केल्याचं जाहीर केलं. गणपती करून मुंबईला परतणाऱ्यांच्या पिशव्या तोपर्यंत पुन्हा नेहमीसारख्या झाल्या होत्या: तांदूळ, आमसुलं, कुळथाचं पीठ.

जाता जाता एक काम देतो. तुमच्या घरी 2020 ला जे कोणी गावाला गेलं होतं त्यांना विचारा, डब्यात काय होतं आणि दहा दिवस कोणी रांधलं? उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. 1897 च्या दशम्या कोणी बांधल्या हे विचारायला आज कोणी नाही. यांना विचारता येतं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि जेवून घ्या.